सपाट देशातले थांबे

पुण्याहून मुंबईला निघालं की कुठे थांबायचं हे आपण ठरवत नाही, घाट ठरवतो. लोणावळ्याला चिक्की, खंडाळ्याला धुकं, खाली उतरल्यावर खोपोलीचा वडा. नेदरलँड्समध्ये गाडी हातात आल्यावर नवरा पहिल्या तासातच अस्वस्थ झाला तो यामुळेच. उजव्या बाजूने चालवायची सवय झाली, पण चढ येईना, वळण येईना, दरी तर नाहीच. पोळपाटासारखा देश. दोन्हीकडे कालवे, कालव्यांपलीकडे गायी आणि गायींच्या पाठीला टेकलेलं आभाळ.

"अगं, पण यात थांबायचं कुठे?"

उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. लेक डेल्फ्टला शिकते. जून महिना म्हणजे तिच्या परीक्षांचे दिवस, त्यामुळे ती आमच्याबरोबर येणार नव्हती. "पवनचक्क्या सगळेच बघतात, आणि ट्यूलिप तर मेमध्येच संपले," असं म्हणत तिने वहीचं पान फाडून एक यादी करून दिली. यादीत एक शेपटी होती, सात पूल होते, पाण्यात बुडवलेला आठवा होता, एक उकिडवा बसलेला माणूस होता आणि चक्क कचऱ्याचा डोंगर होता. तळाशी दोन रेघा मारून लिहिलं होतं : 'बाबा, आईचा पन्नासावा वाढदिवस रस्त्यातच येतोय. विसरू नका.'

निघताना तिने या लोकांची एक म्हणही शिकवली. 'डू मार खेवोन, दान डू ये आल खेक खेनुख.' या भाषेत 'ग' नाही, घसा खाकरल्यासारखा 'ख' आहे. अर्थ असा, की माणसाने आपलं साधं वागावं, तेवढाही वेडेपणा पुष्कळ झाला. ज्या देशात लहानपणापासून हे ऐकवतात, त्याच देशाच्या रस्त्यांवर इतके तऱ्हेवाईक थांबे कसे, हे कोडं घेऊन आम्ही निघालो.

पहिला थांबा रॉटरडॅमजवळचं स्पायकेनिसे. इथे मेट्रोचा मार्ग जमिनीपासून उंचावर आहे आणि शेवटच्या स्थानकापुढे तो तसाच हवेत संपतो. तो संपतो तिथेच पाण्यातून देवमाशाच्या दोन प्रचंड शेपट्या वर आलेल्या. शिल्पकार मार्टेन स्ट्राउस. शेपट्या प्लास्टिकच्या आहेत आणि २००२ पासून तिथे आहेत. २ नोव्हेंबर २०२०च्या मध्यरात्रीनंतर एक रिकामी मेट्रो रुळाच्या टोकाला थांबलीच नाही. अडथळा तोडून ती पुढे गेली, पहिला डबा हवेत आला आणि बरोब्बर एका शेपटीवर जाऊन टेकला. खाली दहा मीटर खोल पोकळी. गाडीत एकटा चालक होता, त्याला काही झालं नाही. आपलं प्लास्टिक इतकं भक्कम असेल असं शिल्पकारालाही वाटलं नव्हतं.

व्हेलला मराठीत देवमासा का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. आपल्याकडे हे घडलं असतं तर दुसऱ्या दिवशी शेपटीला हळदकुंकू लागलं असतं आणि महिन्याभरात ट्रस्ट, दानपेटी, पायऱ्यांशी चपला सांभाळणारा माणूस असं सगळं उभं राहिलं असतं. इथे एक आजोबा कुत्र्याला फिरवत चालले होते. आम्ही माना वर करून उभे आहोत हे पाहून ते थांबले, आमच्याबरोबर क्षणभर वर पाहिलं, "हो, हीच ती," म्हणाले आणि कुत्र्यामागे निघून गेले.

सात पूलही याच गावात आहेत. युरोच्या नोटा आल्या तेव्हा त्यांवर पुलांची चित्रं छापली, पण एकाच देशाचा पूल छापला तर बाकीचे रुसतील म्हणून ते सगळे पूल काल्पनिक ठेवले. रॉबिन स्टाम नावाच्या डच डिझायनरला वाटलं, काल्पनिक तर काल्पनिक, बांधून टाकू. आणि स्पायकेनिसेच्या नव्या वसाहतीत, घरांना वेढणाऱ्या पाण्यावर, सातही नोटांवरचे पूल २०१३ पर्यंत उभे राहिले. रंगही नोटांचेच. पाचच्या नोटेचा राखाडी, दहाचा लालसर, वीसचा निळा. नोटेवर जो रोमन साम्राज्याच्या थाटात दिसतो तो पूल इथे आपल्या ओढ्यावरच्या साकवाएवढा. त्यावरून एक मुलगी सायकलच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवून गेली.

नवऱ्याने पाकिटातून आपली वीसची नोट काढली. तिच्यावर मागे वेरूळची लेणी आहेत. आपण खऱ्या वास्तूचं चित्र नोटेवर छापतो. यांनी नोटेवरचं चित्र खरं करून दाखवलं, आणि तेही कुठल्या राजधानीत न नेता, जिथे लोक सकाळी पाव आणायला जातात तिथे. पन्नासचा पूल नारिंगी आहे. नवऱ्याने मला त्यावर उभं करून फोटो काढला. "तुझ्या वयाला शोभेल असा." पन्नाशीची आठवण त्याला आहे, एवढं त्यावरून कळलं.

तिथून दक्षिणेला ब्राबांट प्रांत. हाल्स्टेरेन गावाजवळच्या झाडीत फोर्ट डे रोव्हेरे हा १६२८चा किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर आपली मान आपोआप वर जाते. इथे मान वर करून काही दिसत नाही. मातीचे बांध, त्यांवर गवत आणि सभोवती खंदक. आपल्या भुईकोटासारखाच, पण दगडाशिवाय. यांच्याकडे लढायला डोंगर नव्हते, म्हणून यांनी पाणी वापरलं. शत्रू आला की आसपासचा मुलूख बुडवायचा, आणि तोही मोजून : माणसाला चालता येणार नाही इतका खोल, पण होडी तरंगणार नाही इतका उथळ. आमच्या सिंहगडाची उंची १,३०० मीटरच्या वर, आणि यांचा गड काय तर गुडघाभर पाणी.

या खंदकावर पूल हवा होता, पण किल्ल्याच्या खंदकावर पूल दिसणं म्हणजे शत्रूला दार उघडून देणं. म्हणून वास्तुविशारदांनी तो २०११च्या सुमारास पाण्यातच बुडवला. लाकडाची एक लांब चर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती आणि भिंतींच्या काठापर्यंत टेकलेलं पाणी. लांबून पाहिलं तर खंदक अखंड दिसतो आणि त्यातून माणसांची नुसती डोकी सरकताना दिसतात. पूल बायबलातल्या, समुद्र दुभंगून वाट काढणाऱ्या मोझेसच्या नावाने ओळखला जातो. आम्हाला आठवला तो टोपलीत बाळ घेऊन यमुनेतून निघालेला वसुदेव. मी मधोमध थांबून हात बाहेर काढला आणि कोपरापर्यंत पाण्यात घातला. पायांखाली कोरडं लाकूड आणि छातीशी पाणी. एक बदक माझ्या नजरेच्या पातळीवरून पोहत गेलं आणि जाताना त्याने माझ्याकडे तिरकं पाहिलं.

संध्याकाळी बार्लेला पोचलो. या गावापाशी मी यादीतल्या इतर कशापेक्षाही जास्त रेंगाळणार हे लेकीला ठाऊक होतं, कारण माझं आजोळ निपाणी. सीमा हा शब्द निघाला की आमच्या घरात आवाज चढतो. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, मामाच्या दुकानाच्या पाटीवर वरची ओळ कुठली आणि खालची कुठली, कोगनोळी नाक्यापाशी बसमधल्या गप्पा एकदम बदलणं, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

बार्ले हे एक गाव आहे आणि दोन देशही. बार्ले-नासाउ नेदरलँड्सचं, बार्ले-हेर्तोग बेल्जियमचं. पण मध्ये एक रेघ आणि दोन बाजू, इतकं ते सोपं नाही. नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे विखुरले आहेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात. मुळाशी ११९८ची एक जमीनवाटणी आहे. दोन सरदारांनी आपापली शेतं, गवताळ आणि पडीक जमिनी वाटून घेतल्या आणि पुढे देश झाले तेव्हा ती वाटणी तशीच राहिली. भाऊबंदकीतली वाटणी किती काळ टिकते हे आपल्याला काय सांगायचं!

सीमा फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांनी आखलेली आहे. ती रस्ता ओलांडते, हॉटेलच्या खुर्च्यांखालून जाते आणि एखाद्या भिंतीत शिरून पलीकडे निघते. घराच्या नंबराच्या पाटीवर ज्या त्या देशाच्या झेंड्याचे रंग असतात. घर कुठल्या देशाचं हे ठरतं ते पुढच्या दारावरून, दार ज्या देशात उघडेल त्या देशाचं घर. कुठली परवानगी कुठे सोपी पडते ते पाहून दार चार हात सरकवल्याच्या गोष्टी इथे चवीने सांगतात. एका घराच्या तर दारातूनच सीमा गेलीय. त्याला दोन नंबर, दोन पाट्या, आणि दोन्हींच्या मध्ये एक घंटी. पहिल्या महायुद्धात जर्मनीने जवळजवळ सगळा बेल्जियम व्यापला, पण बार्लेतला बेल्जियम सुटला, कारण तिथे पोचायला तटस्थ नेदरलँड्समधून जावं लागलं असतं. वाटणीतली विचित्र शेतं त्या वेळी कामी आली.

आपल्याकडे हे नाही असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या महाराजगुडा गावात एका घराच्या निम्म्या खोल्या महाराष्ट्रात आहेत आणि निम्म्या तेलंगणात. कूचबिहारच्या बाजूला भारत आणि बांगलादेशाचे असेच दीडशेहून जास्त तुकडे एकमेकांच्या पोटात होते. २०१५ मध्ये ते अदलाबदल करून मिटवले, कारण तिथल्या लोकांना ना रस्ता होता, ना वीज, ना रेशनकार्ड. बार्लेने मिटवलं काहीच नाही. दोन महापौर, दोन नगरपालिका, दोन पोलीसदलं, आणि सगळ्यांनी मिळून चालवायचं एक गाव. मी एका फुलीवर दोन्ही पाय दोन देशांत ठेवून उभी राहिले. फार गंमत वाटेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात निपाणीची आजी डोळ्यांपुढे आली. तिच्या लेखी सीमा एकच होती, उंबऱ्याची.

रात्री एका टपरीवर उभ्यानेच बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. त्यांचंही राजकारण आहे. दक्षिणेत त्यांना 'फ्रीत' म्हणतात, उत्तरेत 'पटाट'. या भांडणात आम्ही उत्तरेच्या बाजूचे, कारण पटाट हा आपल्या बटाट्याचाच लांबचा भाऊ. वर मेयोनेज, दाण्याचा दाट रस्सा आणि चिरलेला कांदा घेतला तर त्या प्रकाराचं नाव 'युद्ध'. दाण्याचा रस्सा इंडोनेशियातून आलेला. तिथे यांचं राज्य होतं. मला तो उपासाच्या दाण्याच्या आमटीचा परदेशी गेलेला पुतण्या वाटला. नवऱ्याने दुसरं युद्ध मागवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो तेव्हा यादीत नसलेले थांबे दिसायला लागले. घराघरांवर तिरक्या काठीला राष्ट्रध्वज आणि काठीच्या टोकाला लोंबणारं शाळेचं दप्तर. आधी वाटलं कुणी गंमत केली असेल. पण पुढच्या गावीही तेच. निकाल लागला होता. शालांत परीक्षा पास झाली की इथे घरावर झेंडा लावतात आणि त्याला आता नको असलेलं दप्तर टांगतात. आमच्या गल्लीत दहावीच्या निकालाला पेढे वाटतात आणि पेढ्यांबरोबर टक्केही वाटतात. दप्तरावर टक्के लिहिलेले नव्हते. पास एवढंच.

एका अंगणात लाकडी करकोचा उभा, म्हणजे घरात बाळ आलं. आणि दोन-तीन अंगणांत मोठाल्या बाहुल्या खुर्चीत बसवलेल्या, पेंढा भरलेले कपडे, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर चष्मा. "शहरात बुजगावणी कशाला?" नवरा म्हणाला. मलाही कळेना.

आपणही आनंद रस्त्यावर मांडतो, पण कसा? आमच्या चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यात भाऊंचा फोटो केवढा आणि शुभेच्छुकांचे अंगठ्याएवढे तीस चेहरे. तो पाहिल्यावर भाऊंच्या घरात काय आनंद झाला हे कळत नाही, भाऊंची पोच किती हे कळतं. इथे घराचे पडदे उघडे, आतलं जेवणाचं टेबल रस्त्यावरून दिसतं, आणि आत काय घडलं त्याची वर्दी बाहेर काठीला टांगलेली. नाव नाही, पद नाही.

मग फ्लेव्होलँड आलं आणि नवरा प्रथमच गाडी चालवताना गप्प झाला. जिथे आम्ही ताशी शंभरने जात होतो तिथे शंभर वर्षांपूर्वी समुद्र होता. कोर्नेलिस लेली नावाच्या अभियंत्याने हा आत घुसलेला समुद्र बांध घालून तोडायची योजना आखली. १९१६च्या पुरानंतर, १९१८ साली ती कायद्याने मान्य झाली आणि १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा मोठा बांध पूर्ण झाला. लेली १९२९ मध्येच वारले होते. पूर्वेकडचा तुकडा १९५७ मध्ये कोरडा झाला, दक्षिणेचा १९६८ मध्ये. म्हणजे या जमिनीचा काही भाग माझ्यापेक्षा फार मोठा नाही.

त्या नव्या मातीत आल्मेरेजवळ मारिनुस बूझेम या कलावंताने १९८७ मध्ये १७८ पॉप्लर लावले. फ्रान्समधल्या ऱ्हॅन्सच्या कॅथेड्रलचा आराखडा घेतला आणि जिथे जिथे खांब, तिथे झाड. आम्ही गेलो तेव्हा आत कुणी नव्हतं. कमानींच्या जागी पानांची सळसळ. पण बरीच झाडं थकलेली दिसली, काही पडलेली. पॉप्लर फार जगत नाही, आणि हे कलावंताच्या हिशोबात होतं. म्हणून बाजूलाच ओक वगैरेंच्या रानात त्याच आकाराची मोकळी जागा राखली आहे. झाडांचं देऊळ पडेल तेव्हा त्या रानात पोकळीचं देऊळ राहील. आपल्या देवराया आठवल्या. तिथे तोडायचं नाही म्हणून झाड टिकतं, भीतीने का होईना. इथे पडायचंच म्हणून लावलं आणि पुढची सोय करून ठेवली.

लेलीस्टाडला यादीतला उकिडवा माणूस भेटला. लेलीच्याच नावाचं हे शहर. पाण्यात शिरलेल्या बांधाच्या टोकाला अँटनी गॉर्मली या इंग्रज शिल्पकाराने २०१० मध्ये उभा केलेला, नव्हे बसवलेला, २६ मीटर उंच पोलादी पुतळा. विजेच्या मनोऱ्यासारखे सांधे, गुडघे छातीशी, तोंड पाण्याकडे. जवळून पाहिलं तर नुसत्या पट्ट्यांचं जाळं, लांबून माणूस. कलासमीक्षक त्याच्यात माणसाचा आणि समुद्राचा संवाद वगैरे बघत असतील. गावाने त्याचं नाव ठेवलंय 'पूपेंडे मान', म्हणजे शौचाला बसलेला माणूस.

"टमरेल राहिलं," नवरा म्हणाला.

हसू आवरेना. शेजारी बाकावर बसलेल्या जोडप्याने चौकशी केली तेव्हा टमरेल म्हणजे काय ते हातवाऱ्यांनी समजावलं, आणि तेही पोट धरून हसले. ही कलाकृती कुणा बड्या कलावंताची आहे म्हणून तिच्यासमोर गंभीर राहायची सक्ती इथे कुणावर दिसली नाही.

कोडं मला तिथे, त्या बांधावर थोडं सुटलं. पायांखालची जमीनच मुळात कुणाच्या तरी अचाट हिशोबातून आलीय. पाणी उपसणारे पंप बंद पडले तर हे शहर पुन्हा तळाला जाईल. एवढं मोठं वेड ज्यांनी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यासारखं बिनबोभाट चालवून दाखवलं, त्यांना बुडालेला पूल किंवा नोटेवरचा पूल हा वेडेपणा वाटतच नसणार. साधं वागा, असं त्यांची म्हण सांगते. वेडं काम करू नका, असं ती कुठे सांगते? ते साधेपणाने करा, एवढंच.

लेलीस्टाडहून हार्डरवाइककडे जाताना रस्ता एकदम खाली उतरतो आणि वरून पाणी जातं. २००२ मध्ये बांधलेला हा पूल गाड्यांचा नाही, तळ्याचा आहे. पूल २५ मीटर लांबीचा, पाणी तीन मीटर खोल आणि त्यातून शिडाच्या होड्या जातात. आम्ही खालून जाताना आमच्या डोक्यावरून एक पांढरं शीड सरकलं. पुण्यातल्या पावसाळी भुयारी मार्गांचा अनुभव असल्यामुळे मी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "इथे पाणी वरच राहतं."

पुढे आडरस्त्यांवर शेतकऱ्यांचे छोटे कोनाडे लागले. स्ट्रॉबेऱ्या, अंडी, बटाटे, किंमत लिहिलेली पाटी आणि पैसे टाकायला डबा. माणूस नाही. विश्वासाचं कौतुक वाटलं, आम्ही मोजून नाणी टाकली आणि स्ट्रॉबेऱ्या घेतल्या. पण गाडीत बसल्यावर चुकल्यासारखं झालं. घाटात पळसाच्या द्रोणात करवंदं विकणारी बाई आधी दहा रुपये जास्त सांगते, मग कमी करते, मग "पोरं किती?" विचारते आणि जाताना दोन करवंदं जास्तीची टाकते. इथे डब्यात पडलेल्या नाण्याचा आवाज तेवढा आला. फसवलं कुणी नाही आणि विचारपूसही कुणी केली नाही.

ड्रेंथ प्रांतात वाइस्टर गावाशी यादीतला डोंगर आला. १९२९ मध्ये इथे कचऱ्याची कंपनी निघाली. हेगसारख्या शहरांचा कचरा रेल्वेने इथे यायचा, त्याचं खत व्हायचं, उरलेलं साठत जायचं. साठता साठता ते प्रांतातलं सगळ्यात उंच ठिकाण झालं. मग त्याच्यावर माती टाकली, गवत लावलं, वळणावळणांचा घाट काढला आणि सायकलवाल्यांना सांगितलं, या! २०२३ मध्ये युरोपियन सायकल अजिंक्यपदाच्या शर्यती याच कचऱ्याच्या माथ्यावर संपल्या. आम्ही वर गेलो तेव्हा सत्तरीच्या बायकांचा एक गट धापा टाकत चढत होता. त्यांच्या देशात चढ मिळणं ही चैन आहे.

मला देवनार आठवलं, फुरसुंगी आठवली. डोंगर आपणही केले आहेत, आणि हवे त्याहून उंच. पण त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी नाकाला पदर लावून आंदोलनं केली, आणि आपण बाकीच्यांनी गाडीच्या काचा वर केल्या. यांचा कचरा काही सुवासिक नव्हता. फक्त तो कुणाचा, याचं उत्तर यांनी 'आपला' असं दिलं.

त्या रात्री बोर्गर गावी एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. साठीच्या, उंच, बोलणं सरळ. संध्याकाळी कॉफी दिली, बरोबर एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. हे ऐकून होते, म्हणून वाईट वाटलं नाही. पण सकाळी न्याहारीला आलो तर बाईंनी आधी नवऱ्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "खेफेलिसितेर्त!" अभिनंदन! तो गोंधळला. वाढदिवस माझा. रात्री त्यानेच त्यांना सांगितला होता. पण इथली रीत अशी, की वाढदिवस असलेल्या माणसाबरोबर त्याच्या जवळच्यांचंही अभिनंदन करायचं. मग माझी पाळी आली. कितवा, विचारलं. पन्नासावा म्हटल्यावर त्यांनी हात डोक्याला लावला. "आधी का नाही सांगितलं? अंगणात सारा बसवली असती!"

रस्त्यातल्या बुजगावण्यांचा उलगडा तेव्हा झाला. बायबलात येशूला लोक विचारतात, अजून तुला पन्नास वर्षं झाली नाहीत आणि तू अब्राहामाला पाहिलंस? तेवढ्यावरून इथे पन्नाशी गाठलेल्या पुरुषाला अब्राहाम दिसला असं म्हणतात आणि बाईला त्याची बायको सारा. मग शेजारीपाजारी रात्रीतून बाहुली बनवून अंगणात आणून बसवतात. वय लपवायची सोयच ठेवलेली नाही.

साराऐवजी बाईंनी टोस्ट पुढे केला. त्यांना आठवड्यापूर्वी नात झाली होती, त्याचा हा खाऊ. कडक गोल टोस्टवर लोणी आणि वर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. दाताखाली आल्या तर आत बडीशेप. बडीशेपेने बाळंतिणीला दूध येतं म्हणून पूर्वीपासून ही पद्धत, असं त्या म्हणाल्या. मी बाळंतशोपेबद्दल सांगितलं. डिंकाचे लाडू, अळीव, शेपा, शेगडी, धुरी, असं सगळं सांगत बसले. तेवढ्यात बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडला गेला.

जे बघायला एवढ्या लांब आलो होतो तेच राहिलं होतं, म्हणून गावाच्या कडेला चालत गेलो. हूनेबेड म्हणजे दैत्यांची शय्या. हिमयुगात बर्फाने उत्तरेकडून ओढत आणलेले प्रचंड धोंडे ५,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी एकावर एक रचून केलेली ही दफनस्थळं. देशात असे ५४ उरलेत, त्यातले ५२ या एका प्रांतात आणि सगळ्यात मोठा बोर्गरचा. एवढे दगड माणसाने उचलले यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून ते दैत्यांच्या नावावर गेले. आपण अशी कामं पांडवांच्या नावावर घालतो. नागपूरजवळ जुनापाणीला अशीच प्राचीन शिळावर्तुळं आहेत, पण ती पाहायला मी अजून गेलेले नाही. इथे मात्र जवळजवळ सात हजार किलोमीटर येऊन उभी.

अठराव्या शतकात समुद्री किड्याने बांधांचे लाकडी खांब पोखरले, तेव्हा बांध सावरायला दगडांना भाव आला. या दगड नसलेल्या देशात दगड म्हणजे हेच. लोक ते उचलून न्यायला लागले. तेव्हा १७३४ मध्ये ड्रेंथने कायदाच केला, की हूनेबेडचा दगड कुणी न्यायचा नाही. पाणी दाराशी आलेलं असताना जुना दगड जागेवर ठेवायचा, हाही एक हिशोबच. धोंड्यांवर चार मुलं चढून बसली होती. त्यांना खाली उतरवायला कुणी शिट्टी वाजवली नाही.

सामान घ्यायला परत आलो. निघण्याआधी मी हात धुवायला गेले तर संडासाच्या दारामागे कॅलेंडर. त्यात वार नव्हते, फक्त तारखा आणि तारखांपुढे नावं. दार वाजलं. बाहेर बाई पेन घेऊन उभ्या. कुटुंबातल्या, मैत्रिणींच्या, शेजाऱ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर इथे घरोघर संडासातच असतं, कारण तिथे रोज नजर जाते. वार नसल्यामुळे ते दर वर्षी चालतं. "तुमच्या अक्षरांत लिहा," त्या म्हणाल्या.

नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. बोर्गरच्या त्या घरात जूनच्या पानावर १५ तारखेपुढे आता माझं नाव देवनागरीत आहे.